वेग कोणाचा धरावा?



वाचकहो, यात्रेला निघालेल्या मेळ्यात दहाजण धडधाकट आहेत आणि दोघांचे गुडघे धरले आहेत, तर मेळ्याने वेग कोणाचा धरावा? प्रश्न ऐकायला लहान आहे. लग्नाच्या वऱ्हाडापासून आषाढीच्या दिंडीपर्यंत तो कुठे ना कुठे रोज पडतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर न बोलताच दिले जाते. म्हातारी माणसे स्वतःहून म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच बसतो." बाकीचे पुढे होतात. कोणी कोणाला दुखावले नाही, कोणी भांडले नाही, आणि निवाडा होऊन गेला. हा निवाडा धर्माला धरून आहे का, एवढाच विचार आज करायचा आहे. दृष्टान्त मात्र पंढरीच्या वाटेवरचा घेत नाही. तो आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीवर विचार कमी होतो. दृष्टान्त घेतो तो आमच्या खाडीपलीकडच्या, धर्माने वेगळ्या पण मराठीच बोलणाऱ्या माणसांचा.

मी मंडणगड तालुक्यातला. आमच्या उत्तरेला सावित्रीची खाडी, तिच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला. वेसवीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते ती पलीकडे बागमांडल्याला लागते, आणि तिथून रायगड जिल्हा, म्हणजे आमच्या लहानपणचा कुलाबा, सुरू होतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रेवदंडा, अलिबाग, पेण या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या बेने इस्रायल राहत होते. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि समुद्राने आणून टाकलेल्या बाकीच्यांना तिथेच पुरले. त्या जागी आजही त्यांची दफनभूमी आहे.

वाचलेल्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले, शेती केली. पोथ्या समुद्रात गेलेल्या. पुष्कळ प्रार्थना विसरल्या. पण एक गोष्ट सुटली नाही: शनिवारी घाणा बंद. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या रात्री सुटतो. शेजाऱ्यांनी त्यांचे नाव पाडले 'शनिवार तेली'. नीट विचार करा, एखाद्या समाजाची ओळख तो काय करतो यावरून न पडता तो कोणत्या दिवशी थांबतो यावरून पडली, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. आणि त्या दिवशी थांबायचे ते एकट्या मालकाने नव्हे. त्यांच्या दहा आज्ञांत स्पष्ट आहे की चाकर, दारचा परका माणूस आणि बैल यांनाही त्या दिवशी विसावा द्यायचा. घाण्याला जुंपलेल्या बैलाला आठवड्यातला एक दिवस गोल फिरावे लागत नव्हते.

पुढे कंपनी सरकारच्या पलटणींत, मग मुंबईच्या कचेऱ्यांत, गिरण्यांत आणि रेल्वेत ही माणसे गेली. १७९६ साली मुंबईत मांडवीला त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. आपले कोकणी लोक त्यालाही मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग १८४८ चे, पुढे १९१० साली नव्याने बांधलेले. पेणचे १८६३ चे, ठाण्याचे १८७९ चे. पुण्यातले आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो ते डेव्हिड ससूनांनी बांधवले, पण ससून बगदादी, आमच्या कोकणातले नव्हेत. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहुतेक घरे उठून गेली. घरे गेली, आडनावे बरोबर गेली. केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, चेऊलकर. कोकणातल्या शंभराहून अधिक गावांची नावे आज त्या देशात लोकांच्या दारावर लिहिलेली आहेत. पुष्कळांनी ते गाव पाहिलेलेही नाही.

आता या आडनावांचे धनी परत येतात, गाव पाहायला. थोडे इस्रायलहून, थोडे मुंबई-ठाण्याहून. येणारे बहुधा सत्तरीच्या पुढचे असतात आणि ते साहजिक आहे. तरुणपणी पोटाच्या मागे धावायचे असते, मूळ शोधायची सवड उतारवयात मिळते, आणि तेव्हा पाय उरत नाहीत. ही या यात्रेची मूळ अडचण आहे. ज्याला जायची ओढ आहे त्याला चालवत नाही, ज्याला चालवते त्याला ओढ नाही.

म्हणून अशा मंडळींसाठी सावकाश यात्रा काढण्याची रीत आता बसते आहे. घाईची यात्रा कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळी मुंबईहून निघायचे, मांडव्याला उतरायचे, नवगाव, अलिबाग, खंडाळे, रेवदंडा, पेण असे सगळे एका दिवसात उरकून रात्री परत. सावकाश यात्रेत मुक्काम एकाच जागी ठेवतात, दिवसाला एकच ठिकाण धरतात, उन्हे चढायच्या आत बाहेरचे काम आटोपतात, दुपारी पडतात, आणि संध्याकाळी वाटले तर निघतात. दफनभूमीत वाळू असते, काठी रुतते, म्हणून घडीची खुर्ची बरोबर घेतात. बहुतेक जुन्या सिनेगॉगांत स्त्रियांसाठी वरती सज्जा असतो आणि त्याचा जिना उभा असतो. ज्यांच्या आया वरून पाहत होत्या त्या मुली आता ऐंशीच्या झाल्या, जिना तोच आहे. २००८ सालच्या मुंबईवरच्या हल्ल्यात छबाद हाउसही लक्ष्य झाले. तेव्हापासून या जागांना पहारा आहे, परवानगी आधी घ्यावी लागते, दाराशी ओळखपत्र दाखवून उभे राहावे लागते. उभे राहणे हेच ज्याला जड, त्याच्यासाठी तिथे स्टूल लागते. शनिवारी तर प्रवासच नाही. बाकीच्यांना 'मधला रिकामा दिवस' ठरवून बसवावा लागतो, यांच्या धर्माने तो आधीच बसवून दिला आहे.

शब्बाथला चालण्याची मर्यादाही त्यांच्या शास्त्रकारांनी घातलेली आहे. वस्तीच्या हद्दीपासून दोन हजार हात. हात म्हणजे आपलाच हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे किलोमीटरभर. त्या एका दिवशी धडधाकट तरुण आणि थकलेला आजोबा यांची धाव सारखी होते. मला ही गोष्ट फार आवडली. तरुणाला लावलेली मर्यादा म्हाताऱ्याच्या बेताची आहे.

पण याच शास्त्रात दुसरे एक वचन आहे, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहतो. जेरुसलेमचे मंदिर होते तेव्हा वर्षातून तीन सणांना तिथे पायी जायचे असे बंधन होते. त्या सणांचे नावच मुळी पायावरून पडलेले, रेगेल म्हणजे पाय. मिश्ना म्हणून त्यांचा एक ग्रंथ आहे, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेला. त्यात या वारीचे बंधन कोणाकोणाला नाही याची यादी दिली आहे. लंगडा, आंधळा, आजारी, म्हातारा, आणि ज्याला पायाने चढून जाता येत नाही असा कोणीही. लहान मुलाच्या बाबतीत दोन पंथांचा वाद आहे. शम्मायचा पंथ म्हणतो, बापाच्या खांद्यावर बसून शहरातून मंदिराच्या टेकडीवर जाऊ शकत नाही ते मूल सुटले. हिल्लेलचा पंथ म्हणतो, बापाचे बोट धरून चढू शकत नाही ते सुटले.

आपल्याकडेही हाच न्याय आहे. नित्यकर्म चुकले तर प्रत्यवाय, पण अशक्ताला दोष नाही. वाहनाने तीर्थाला गेल्यास फळ उणे होते असे लिहिणाऱ्या निबंधकारांनाही दुबळ्या माणसाचा विचार करावा लागला. तेव्हा सूट ही दयेने दिलेली आहे, यात शंका नाही. गुडघे गेलेल्या माणसाच्या मनातून 'माझे चुकले' हे भय तिने काढून टाकले. एवढे काम तिने केले म्हणून तिचे आभार मानावेत.

मात्र सूट व्यवहारात उतरली की तिचे रूप पालटते. 'तुझ्यावर बंधन नाही' याचे हळूच 'तुझे काही काम नाही' होते, आणि पुढच्या पायरीवर 'तू आलास तर आमची पंचाईत' होते. शास्त्राने बंधन काढले होते, अधिकार काढला नव्हता. ज्याच्यावर जाण्याची सक्ती नाही त्याला जाण्याचा हक्कही नाही असे कोणत्याही मीमांसकाने म्हटलेले नाही. पण घरोघरी आपण हेच म्हणतो, आणि तेही प्रेमाने. "आई, तुला कशाला दगदग? आम्ही व्हिडिओ काढून आणतो ना!"

इथे पूर्वपक्ष मांडला पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. कोणी म्हणेल, बुवा, सावकाश यात्रा हे पैसेवाल्या निवृत्तांचे चोचले आहेत. एका दिवसाचे काम सहा दिवसांवर नेले तर गाडीभाडे, खोलीभाडे सहापट, आणि नातवाची रजा कोण देणार? हे खरे आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना एकाच दिवसात काय ते उरकावे लागते, त्यांना मी नावे ठेवणार नाही. दुसरा म्हणेल, जास्त ठिकाणे पाहिली तर ज्ञान जास्त. याला मात्र मी मान डोलावणार नाही. चाळीस वर्षे कीर्तन उभे राहून केले, आता गुडघ्यांनी ते थांबवले, पण त्या धंद्याने एक शिकवले आहे. एका चरणावर दोन तास उभे राहता येते, आणि वीस अभंग धावत म्हटले तर श्रोता रिकामाच घरी जातो.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, पुष्कळांना हे ठाऊक नसते. या बेने इस्रायलांनी आपले कीर्तन उचलले होते. १८८० साली मुंबईत त्यांच्यातल्या काही मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले प्रमुख. अब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू यांची आख्याने मराठी पद्यात बांधून ती कीर्तनाच्या थाटात गायिली जात, आणि त्यांची पुस्तकेही छापली गेली. हिब्रू न येणाऱ्या बायाबापड्यांना आपल्याच धर्माच्या कथा कीर्तनातून कळल्या. हे नारदीय वळणाचे आख्यानी कीर्तन, आपले वारकरी कीर्तन नव्हे, पण भाऊबंदच. अष्टमी हे गाव रोह्याला लागून आहे. कोणी तिथून जात असाल तर या आडनावाची आठवण ठेवा.

एलियाहूवरून खंडाळ्याची गोष्ट आली. हे घाटातले खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे. तिथे एका खडकावरच्या खुणेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. संदेष्टा एलियाहू अग्निरथातून स्वर्गाला गेला, तेव्हा त्याच्या रथाची ही खूण उमटली अशी श्रद्धा. बेने इस्रायल तिथे नवस बोलतात, फेडतात, मलिदा करतात. त्यांचा मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरे, फळे. रथ विजेसारखा गेला असेल, पण तो टेकला तेवढ्याच जागेला भक्त नमस्कार करतात. मी कीर्तनकार आहे, मला यात रूपक दिसणारच. तुम्हाला नसेल दिसत तर सोडून द्या.

घाईच्या यात्रेला जे दाखवताच येत नाही अशी एक जागा असते, ती म्हणजे आडनावाचे गाव. सिनेगॉगला इमारत आहे, नवगावला स्मारक आहे, टाप्याला खडक आहे. पण ज्या वाडीवरून आडनाव पडले तिथे बहुधा काहीच नसते. पडके जोते, विहीर, दुसऱ्याने लावलेली कलमे. गाडीतून उतरून पाच मिनिटांत 'पाहून झाले' म्हणावे अशी ती जागा. तिथे बसल्याशिवाय काही दिसत नाही. चालता न येणाऱ्याला बसावेच लागते, म्हणून त्याला दिसते.

तीन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत अशाच एका मंडळीबरोबर मी होतो. खाडीपलीकडे राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे पाहुणे आले होते, अकराजण, दोघे सोडून सगळे सत्तरीच्या पुढचे. त्या भागातल्या वाड्यावाड्यांतून मी कीर्तने केलेली, कोणाचे घर कुठे हे मला ठाऊक, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतले. मंडळींत ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या. दहाव्या वर्षी गाव सोडलेले. मराठी स्वच्छ, पण त्या काळात गोठलेली. माजघर, पडवी, रहाट, मांगर असे शब्द त्यांच्या तोंडून येत होते, आणि बरोबरचा नातू, तिशीतला, यात्रेची सगळी व्यवस्था पाहणारा, त्यांतले निम्मे शब्द मला विचारत होता. गावाचे नाव त्यांच्या आडनावातच होते, म्हणून ते इथे सांगत नाही.

घर नव्हते. जोते होते. बाई त्या जोत्यावर बसल्या त्या बसल्याच. अर्धा तास गेला, तास गेला. शेजारच्या घरातली एक म्हातारी आली, तिने पाणी दिले, दोघींचे बोलणे सुरू झाले. इकडे गाडीत बसलेल्यांची चुळबुळ वाढली. त्यांच्यात एक गृहस्थ होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पायाने त्यांच्याहून अधू. त्यांच्या आजोबांचे गाव मुरूडच्या पलीकडे नांदगाव. त्यासाठी दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट धरायची होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, दुपारनंतर शब्बाथची तयारी, आणि मग परतीचे विमान. ते म्हणाले, "मी परत येणार नाही, बाबा. माझे वय बघ."

वाचकहो, इथे आपला सुरुवातीचा सोपा प्रश्न मोडतो. दहा धडधाकट आणि दोन दुबळे असा सामना असता तर दुबळ्यांच्या बाजूने बोलणे अवघड नव्हते. इथे दोन्हीकडे दुबळेच. एकीच्या बसण्याने दुसऱ्याचे गाव कायमचे हुकत होते. 'सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग धरावा' हे वचन गोड आहे, पण त्याने या वेळी निकाल लागेना. नातू माझ्याकडे वळला. म्हणाला, "बुवा, तुम्ही सांगा." मी काय सांगणार? निरूपणाला उभे असताना सुचते ते उघड्या माळावर सुचत नाही.

तोड काढली ती त्या गृहस्थांनीच. ते म्हणाले, "याकोबाने एसावाला काय सांगितले होते, आठव." नातवाला आठवेना. मग त्यांनी ती कथा तिथेच मराठीत सांगितली. मी पुढे घरी येऊन मराठी बायबलात ती वाचली, ती अशी आहे. याकोब आणि एसाव जुळे भाऊ. वीस वर्षांच्या वैरानंतर भेटले, गळ्यात पडून रडले. आदल्या रात्री याकोबाची एका दिव्य पुरुषाशी झुंज झाली होती, तीत त्याची जांघ लचकली होती, म्हणजे तोही त्या दिवशी लंगडतच होता. एसावाबरोबर चारशे माणसे. एसाव म्हणाला, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, माझी मुले कोवळी आहेत, मेंढ्या आणि गाई दूध पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी त्यांना जास्त हाकले तर कळप मरेल. तू पुढे हो, मी गुरांच्या आणि मुलांच्या पायांनी सावकाश येतो. एसावाने काही माणसे मागे ठेवू का म्हणून विचारले, याकोबाने तेही नको म्हटले.

गृहस्थांचे म्हणणे एवढेच की एसाव पुढे गेला यात पाप नाही. याकोबानेच त्याला जायला सांगितले. "मी एसाव होतो आज," असे ते हसत म्हणाले, आणि आजींना उद्देशून मोठ्याने, "ताई, तू याकोब हो. बस निवांत."

मी या कथेवर पुष्कळ दिवस विचार करतो आहे. याकोबाने वेगवान माणसाला आपल्याबरोबर रखडवले नाही. पण त्याने आणखी एक केले नाही, ते सहज नजरेतून सुटते. मुलांना आणि मेंढ्यांना एखाद्या चाकराच्या स्वाधीन करून तो स्वतः भावाबरोबर पुढे गेला नाही. तो तांड्याचा धनी होता, आणि धनी हळू चालणाऱ्यांत राहिला. तेव्हा मेळ्याचा वेग कोणता हा प्रश्न दुय्यम आहे असे मला वाटू लागले आहे. मेळा दोन वेगांचा असू शकतो. ज्याच्या हाती यात्रा आहे तो कोणाबरोबर चालतो, हे पाहायचे. घरातला कर्ता पुढे जाऊन फोटो काढत असेल आणि आईबरोबर गाडीचा ड्रायव्हर बसलेला असेल, तर तिला कितीही आरामाची खुर्ची दिलेली असो, तिला मागे टाकलेलेच आहे.

आपल्या कूर्मदासाची कथा या उजेडात पुन्हा बघा. हातपाय नसलेला कूर्मदास पैठणहून पोटावर सरकत पंढरीला निघाला, लऊळला येऊन थकला, आणि पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर त्याने देवाला निरोप धाडला. देव स्वतः तिथवर आला. आपण कीर्तनात देवाच्या येण्याचे वर्णन करतो आणि टाळ्या घेतो. पैठणपासून लऊळपर्यंत त्याच्या बाजूने किती दिंड्या गेल्या असतील, त्यांतल्या एखाद्या प्रमुखाने त्याच्यासाठी मुक्काम वाढवला का, हे कोणी विचारत नाही.

आमच्या वेळासला कासवांच्या हंगामात याच्या उलट चित्र दिसते. पिल्ले वाळूवर सोडली की शंभर-दीडशे माणसे दोरीमागे गप्प उभी राहतात. कोणी पिल्लू उचलून लाटेत ठेवत नाही. ते सरपटत जाणे त्याच्या आयुष्याला लागते असे तिथले कार्यकर्ते समजावून सांगतात, आणि मुंबईहून आलेली, लोकलमागे धावणारी माणसे ते ऐकतात. चिमुकल्या कासवाच्या पिल्लाला जी सवड आपण देतो ती घरच्या माणसाला देणे का जड जाते, मला कळत नाही. बहुधा कासव पाहायला आपण आलेलो असतो, आणि आईला घेऊन दुसरेच काहीतरी पाहायला निघालेलो असतो.

असो. त्या दिवशी गाडी आठजणांना घेऊन दिघीला गेली, फेरीबोट मिळाली, गृहस्थांना नांदगाव पाहायला मिळाले असे मागाहून कळले. मागे चारजण राहिले. आजी, त्यांच्या एक मैत्रीण, मी आणि नातू. नातवाला गाडीबरोबर जाणे भाग होते असे मला वाटत होते, कागदपत्रे, पैसे सगळे त्याच्याकडे. त्याने ती पिशवी दुसऱ्या तरुण सोबत्याच्या हाती दिली आणि आजीशेजारी जोत्यावर येऊन बसला. पहिली दहा मिनिटे फोन पाहत होता. मग शेजारच्या म्हातारीने त्याला रहाटाच्या विहिरीबद्दल काही सांगितले, ते त्याला कळले नाही, तो उठून पाहायला गेला, आणि त्यानंतर फोन खिशातच राहिला.

उन्हे कलल्यावर आजींनी तो फोन काढायला लावला. अश्दोदला त्यांची धाकटी बहीण आहे, दोन वर्षे अंथरुणावर. मिश्नाच्या यादीतली सुटलेली. तिला सगळे दाखवायचे होते. नातवाने फोन धरून जोत्याभोवती एक फेरी मारली, तशी पलीकडून आवाज आला, "हळू फिरव रे. किती धावतोस!" तो थांबला. मग एकेक पाऊल टाकत पुन्हा पहिल्यापासून निघाला. बहिणीने पायरी ओळखली, विहीर ओळखली. परसातला फणस कुठे आहे म्हणून विचारले. शेजारच्या म्हातारीने सांगितले, २०२० च्या जूनमधल्या त्या निसर्ग वादळात पडला, मुळासकट. नातवाने फोन त्या खड्ड्याकडे धरला. खड्ड्यात पालापाचोळा साचला होता, आणि कडेला गुडघाभर उंचीचे, कोवळ्या पानांचे एक रोप उभे होते. ते त्याच फणसाचे का, याविषयी दोघी बहिणींचा फोनवरच वाद लागला. तो मिटेपर्यंत आम्ही तिघे बसून राहिलो.